शाळेची शाकारणी

(रायगड किनाऱ्यावरील जुन्या शाळांच्या इमारतींविषयी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वैशाख अर्धा सरला की अष्टागरापासून थेट श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांमध्ये छपरांवर माणसे दिसू लागत. एक जण आढ्यापाशी बसलेला, दुसरा पागोळीच्या अंगाला, आणि खाली अंगणात घरची बायापोरे ओळीने उभी. कौले हातोहात खाली येत. त्यांवरचे वाळके शेवाळ झाडले जाई, मग टिचकी मारून प्रत्येक कौल वाजवून पाहिले जाई. खणखणीत वाजले तर पुन्हा वर, बद्द वाजले तर बाजूला. तोवर सुतार वासे ठोकून बघे, वाळवीने खाल्लेली रीप काढून नवी मारी. दोन-चार दिवसांत छप्पर पुन्हा जागच्या जागी. कोकणात या कामाला शाकारणी म्हणतात. गावातल्या शाळेचे छप्परही याच दिवसांत, मुले सुट्टीवर असताना, शाकारले जाई. मृगाचा पाऊस पडून शाळा उघडे तेव्हा बिगरीतल्या पोरांच्या डोक्यावर जुनेच, पण नुकतेच पारखून घेतलेले छप्पर असे.

जुन्या शाळेचे नूतनीकरण करताना तिचे मूळ रूप कसे राखायचे, हा आजचा विषय. मूळ रूप म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दर्शनी बाजू येते: कमान, घंटेचा खांब, दगडी पायऱ्या, चौकटीवर कोरलेले साल. प्रस्तुत व्याख्यात्याला या किनाऱ्यावरच्या शाळांचे मूळ रूप दुसरीकडे दिसते. दर वर्षी सोडवायची, तपासायची आणि पुन्हा लावायची, अशा बेताने या इमारती बांधल्या गेल्या. गावातला गवंडी, गावातला सुतार आणि खाडीतला चुना एवढ्यावर त्यांचे भागत असे. ही सोय जे काम शाबूत ठेवते, त्याला नूतनीकरण म्हणावे. जे काम ती कायमची बुजवून टाकते, त्याने दर्शनी कमान कितीही हुबेहूब उभी केली तरी मूळ इमारत हातची गेलेली असते.

मराठीत या कामांसाठी शब्दांची वाण नाही. घराची डागडुजी होते, देवळाचा जीर्णोद्धार होतो, सरकारी इमारतीची दुरुस्ती होते. ज्या वर्गखोलीचा उपयोग संपला असे कागदावर ठरते, तिचे निर्लेखन होते. जिल्हा परिषदेच्या शाळांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा शेवटचा शब्द चांगला ठाऊक आहे. निर्लेखनाचा ठराव झाला की खोली नोंदवहीतून वजा होते, मग लिलाव, मग पाडकाम. गेल्या काही दशकांत जुन्या शाळांच्या वाट्याला डागडुजी क्वचित आली आणि निर्लेखन वारंवार आले. या दोन शब्दांमधल्या अंतरात पुष्कळ काही हरवले आहे.

मुळात या इमारती उभ्या राहिल्या कशा, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमलाआधी गावच्या शाळेला स्वतःची इमारत नसेच. पंतोजी मुलांना घेऊन बसे तो देवळात, धर्मशाळेत नाहीतर कुणा सुखवस्तू घराच्या पडवीत. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा दक्षिणेचा किनारा मात्र १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाकडे राहिला. १८६९ साली कुलाबा जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा झाला. जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा घ्यायचा, त्यातले दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. आण्याचे पै बारा, म्हणजे महसुलाच्या रुपयामागे चार पै शाळेचे. इलाख्यातल्या गावशाळा या चार-चार पैंवर पोसल्या गेल्या. सरकारने बांधून दिलेली शाळा असे आज सहज म्हटले जाते, तेव्हा हे चार पै आठवावेत. जो कुणबी किंवा आगरी शेतकरी स्वतः अक्षरशत्रू होता, त्यानेही ते भरले होते.

पुढे १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती गेले, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. दर वेळी दारावरची पाटी पुसून नवी रंगवली गेली. मधल्या काळात जीवन शिक्षण मंदिर हे नावही पुष्कळ शाळांना मिळाले. एवढे होऊनही जुनी माणसे अजून ‘बोर्डाची शाळा’ असेच म्हणतात.

आता इमारतीकडे वळू. ती कशी असावी हे दोन गोष्टींनी ठरवले: हाताशी असलेले सामान आणि पाऊस. अलिबाग-पेणच्या बाजूला काळा दगड, मुरुडच्या खाली श्रीवर्धन-म्हसळ्याकडे जांभ्याचे चिरे. जांभा खाणीतून काढताना कुऱ्हाडीच्या घावाने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. कोकणात चुनखडीचा दगड मिळत नाही, म्हणून खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना करत. जोते उंच, कारण जुलैत अंगणात पाणी साचते. वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस भिंतींवर आपटू नये म्हणून छपराची पाखी खाली ओढलेली आणि पुढे पडवी. पंतोजीच्या काळी शाळा पडवीत भरे. बोर्डाने इमारत बांधली तेव्हा शाळा आत गेली, पण पडवी तशीच राहिली. मधल्या सुट्टीत मुले तिथेच डबे उघडत, पावसाळ्यात तिला झावळ्यांचे झाप बांधले जात, आणि रात्री गावची बैठकही तिथेच होई. समोरासमोर खिडक्या, वर झरोके, मुले लिहीत असताना उजेड डाव्या हाताकडून यावा अशी बाकांची मांडणी. वीज नव्हती, पंखे नव्हते. त्यांची सगळी कामे भिंतींची उंची, खिडक्यांची जागा आणि छपराचा उतार यांच्याकडून करून घेतलेली होती.

छपरावरचे आच्छादन दोनदा बदलले. आधी भातेण आणि झावळ्या, मग गावच्या कुंभाराची नळीची कौले, आणि त्यानंतर मंगळुरी. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला. यंत्रावर दाबून केलेली, एकमेकांत अडकणारी ही सपाट कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोहोचली. कौल उलटे केले की पोटावर कारखान्याचे नाव आणि गाव उठवलेले दिसते. जुन्या शाळेच्या छपरावर तीन-चार वेगवेगळ्या कारखान्यांची कौले सापडतात. कोणत्या दशकात कोणता कोपरा शाकारला, याची नोंदच ती. शाळेच्या दप्तरात जे टिकले नाही ते अशा रीतीने कौलांच्या पोटाशी टिकून राहते.

इमारतीचे सामान आणि तिचे काम किती जोडलेले असते, याचा उत्तम दाखला अलिबागेतच आहे. तो शाळेचा नाही, पण बाजूला ठेवण्यासारखाही नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने सूक्ष्म उपकरणे बिघडतील हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळेसाठी अलिबाग निवडले आणि १९०४ मध्ये इथे काम सुरू झाले. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला, लोखंड टाळून तांबे-पितळ वापरले. एक खिळा चुकीच्या धातूचा असता तरी इमारत निकामी ठरली असती. आणखी एक गोष्ट मूस यांनी केली. अलिबागेतले काम सुरू झाल्याबरोबर कुलाब्याचे बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि नवे जुन्याशी जुळते याची खात्री पटल्यावरच जुने थांबवले. शाळांच्या इमारतींना हात घालणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला ही इमारत एकदा दाखवून आणावी, असे प्रस्तुत व्याख्यात्याला मनापासून वाटते.

योगायोग असा की ज्या पोरबंदरातून तो दगड आला, तिथेच १९१४ साली भारतातले सिमेंटचे उत्पादन खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्याआधीच्या गावशाळेत सिमेंट असण्याचा संभव फारच कमी. भिंती चुन्यात रचलेल्या, गिलावा चुन्याचा, जमीन चुन्याच्या कोब्याची किंवा शेणाने सारवलेली. म्हणून चुना आणि सिमेंट यांतला फरक इथे नीट सांगितला पाहिजे. दुरुस्तीच्या नावाखाली या शाळांचे सगळ्यात मोठे नुकसान याच ठिकाणी झाले आहे.

शिंपली सुमारे नऊशे अंश तापमानाला भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी टाकले की तो उकळून फुलतो, विरतो. वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीत भरला की हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. आठवडे लागतात, महिने लागतात. जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालत. असा चुना दगडापेक्षा मऊ राहतो आणि त्याला बारीक छिद्रे असतात. पावसाळ्यात भिंत ओल पिते, दिवाळीनंतर उन्हात ती ओल चुन्याच्या वाटेने बाहेर टाकते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेले मीठही गिलाव्यावर फुलून गळून पडते. गिलावा खराब होतो, दगड वाचतो. दहा-पंधरा वर्षांनी गिलावा नवा केला की झाले.

त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेरचा रस्ता बंद होतो. ओल आत अडकते, मीठ आतच फुलते आणि फुगताना जांभ्याचाच पृष्ठभाग उखडून काढते. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून भुसभुशीत. चार-पाच वर्षांत गिलाव्याला पोपडे येतात, मग ‘भिंतच कुजली’ असा शेरा पडतो. त्यावर ऑइलपेंट म्हणजे दुसरे कुलूप. शाळाशाळांतून ‘बोलक्या भिंती’ रंगवल्या गेल्या. मुलांना अंक, मुळाक्षरे, नकाशे डोळ्यांसमोर मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण तीच चित्रे चुन्याच्या रंगात किंवा भिंतीवर टांगलेल्या फळ्यांवर काढता आली असती. अंगणात पेव्हर ब्लॉक आणि वर्गात चकचकीत फरशी हे तिसरे कुलूप. जमिनीतली ओल वर यायला जागा शोधते आणि भिंतींत चढते. शिवाय दर दुरुस्तीला अंगण चार इंच वर आले की उंच जोत्याचा उपयोगच संपतो. बसके जोते आणि कमरेपर्यंत ओलीची रेघ, असे चित्र किनाऱ्यावर पुष्कळ शाळांत दिसते. याला इमारतीचे वय कारण नाही. वरून घातलेले थर कारण आहेत.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, नागाव, चौल, रेवदंडा इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. कोरोनामुळे शाळा मार्चपासूनच बंद होत्या, म्हणून वर्गांत मुले नव्हती. छपरे मात्र होती, आणि त्यांवर माड कोसळले, कौले उडाली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोसमी पाऊस आला. किनाऱ्यावर हजारो घरे एकाच वेळी उघडी पडली होती. कौले मिळेनात, पत्रे मिळेनात, छपरावर चढणारी माणसे मिळेनात. शाळांचा क्रम घरांनंतर लागणार हे समजण्यासारखे होते. पण ज्या भिंतींनी शंभर पावसाळे छपराखाली काढले, त्यांना तो एक पावसाळा उघड्यावर काढावा लागला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले.

वादळानंतर बहुतेक ठिकाणी कौलांच्या जागी पत्रा आला. घाईत, उपलब्ध निधीत, तो निर्णय चुकीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तात्पुरता इलाज कायमचा झाला, दुखणे तिथून सुरू झाले. जुलैच्या सरी पत्र्यावर कोसळू लागल्या की तिसऱ्या बाकावरच्या मुलाला गुरुजींचे बोलणे ऐकू येत नाही. मार्च-एप्रिलात तोच पत्रा तव्यासारखा तापतो. कौलाखाली हवेचा पट्टा राहतो, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, पावसाचा आवाज मऊ होऊन खाली येतो. शाळेच्या दृष्टीने ही कौलाची मोठी गुणवत्ता आहे, आणि अंदाजपत्रकात तिला रकाना नाही.

कौले वाऱ्याला टिकत नाहीत हा आक्षेप अर्धाच खरा आहे. चक्रीवादळात छपराला सर्वांत जास्त ओढ बसते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. तेवढ्या पट्ट्यांतली कौले तारेने रिपांना बांधली, आढ्याची कौले चुन्यात पक्की बसवली, वासे भिंतीवरच्या पाटईला आणि पाटई भिंतीत खोल गेलेल्या सळईला जखडली, तर छप्पर पुष्कळ सोसते. चारही बाजूंनी उतरते छप्पर दुपाखी छपरापेक्षा वाऱ्याला कमी अडते, हेही मान्य झालेले तत्त्व आहे, आणि किनाऱ्यावरची जुनी छपरे पुष्कळदा चौपाखीच होती. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे जोडावे. वादळ पडवीखाली शिरून तिला उचलू लागले, तर तिने मुख्य छप्पर बरोबर नेऊ नये. यातले काहीही दर्शनी रूपाला धक्का लावत नाही. सगळे कौलांच्या पोटाशी होते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. जुने जपण्याच्या आग्रहापायी एकाही मुलाचा जीव टांगणीला लागता कामा नये. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या शाळेची खोली कोसळली आणि तीन मुले गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचे छत खाली आले, सात मुले गेली. अशा प्रत्येक घटनेनंतर तपासणीचे आदेश निघतात, याद्या होतात, आणि याद्यांत जुन्या खोल्या सरसकट धोकादायक ठरतात. त्या शेऱ्यामागची भीती खरी आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. ज्या खोलीबद्दल शंका आहे तिथून मुले त्याच दिवशी हलवावीत. पण मुले हलवल्यानंतर खोलीकडे नीट पाहावे. वाशांची भिंतीत गेलेली टोके कुजली आहेत का? ती सर्वांत आधी कुजतात आणि वरून दिसत नाहीत. कैचीचे पाय सरकले आहेत का? भिंत पोटातून फुगली आहे की फक्त गिलावा सुटला आहे? पागोळीचे पाणी जोत्याच्या बुडाशी मुरते का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुधा दिसते की दोष एका कोपऱ्यात आहे आणि शिक्षा साऱ्या इमारतीला होते आहे.

आणि पाडून जे बांधले जाते ते निर्धोक असते, या समजुतीलाही किनाऱ्यावर आधार नाही. खाऱ्या हवेत सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. खाडीची खारी वाळू वापरली असेल तर हे आणखी लवकर घडते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबच्या खोल्या, ज्यांच्या छतातून सळया लोंबत आहेत, त्या शंभरी गाठलेल्या कौलारू शाळेच्या शेजारी उभ्या असलेल्या पाहिल्या की कुणाचे निर्लेखन आधी व्हायला हवे होते, असा प्रश्न पडतो. कौलारू छपराचा दोष खालून दिसतो, गळून कळतो, आणि सुतार त्याच आठवड्यात तो काढू शकतो. स्लॅब वर्षानुवर्षे काहीच सांगत नाही.

शाळा वाचवण्याचे प्रयत्न इतरत्र कसे झाले, हेही पाहावे. पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्या वास्तूचे काय करायचे यावर वर्षानुवर्षे खटले चालले. निकाल लागेतो वाडा इतका खिळखिळा झाला होता की डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला आणि आता त्या जागी स्मारक होणार आहे. स्मारक भव्य होईल, व्हायलाच हवे. पण ज्या उंबऱ्यावरून त्या मुली आत गेल्या तो उंबरा आता कुणाला ओलांडता येणार नाही. साताऱ्यात दुसरी गोष्ट आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर ज्या शाळेत दाखल झाले, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि त्यांच्या प्रवेशाची नोंद असलेले रजिस्टर तिथे जपलेले आहे. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातल्या एका ओळीला एवढे वजन आले, कारण शाळा चालू राहिली आणि कागद शाळेतच राहिले.

जपानमध्ये मात्सुमोतो शहरात काइची नावाची शाळा आहे. १८७६ साली बांधलेली, लाकडाची, आणि तिच्या खर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग तिथल्या रहिवाशांनी उचललेला. आपल्या चार पैंशी तिचे नाते लगेच जुळते. १९६० च्या दशकापर्यंत तिथे वर्ग भरत. मग इमारत सोडवून दुसऱ्या जागी पुन्हा उभी केली, संग्रहालय झाले, आणि २०१९ मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. लाकूड खुणा घालून सोडवायचे आणि पुन्हा जोडायचे, ही त्यांची हातोटी अभ्यासण्याजोगी. तरीही रायगडच्या शाळांसाठी हा शेवट मागू नये. इथे शाळेला शाळाच राहू द्यावे. रिकाम्या वर्गात काचेमागे ठेवलेली धूळपाटी पाहायला वर्षाकाठी चार सहली येतील, पण छपरावर दर वैशाखात चढायला कुणाला कारण उरणार नाही.

चालू शाळा म्हटली की चालू गरजा आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, अडथळ्याविना प्रवेश हे सगळे आवश्यक ठरवले. जुन्या इमारतीच्या प्रेमापोटी यातले काहीही टाळता येणार नाही. टाळूही नये. प्रश्न जागेचा आणि रीतीचा आहे. जोते अडीच फूट उंच असेल तर एकास बारा या उताराने रॅम्प तीस फूट लांब होतो. तो समोरच्या पायऱ्या फोडून कोंबण्यापेक्षा पडवीच्या टोकाला बाजूने नेला, तर चाकाच्या खुर्चीतले मूल इतर मुलांबरोबर पडवीतूनच वर्गात शिरते. स्वच्छतागृह भिंतीला चिकटवून बांधले की पाइपची गळती चुन्याच्या भिंतीत जिरते. दहा-बारा फूट सोडून बांधले आणि मध्ये छत घातले तर पावसातही जाता येते. विजेच्या तारांसाठी भिंतींत चर खणण्याची गरज नाही, नळ्या भिंतीवरून नेता येतात आणि पुढे काढताही येतात. नवे जे काही घालायचे ते उद्या काढता येईल असे घालावे, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले.

अडचण निधीइतकीच कागदाची आहे. शाखा अभियंत्यासमोर जे अंदाजपत्रक असते त्यात सिमेंटचा गिलावा, पत्रा, फरशी यांचे दर तयार असतात. चुन्याच्या कामाचा दर शोधावा लागतो, करणारा ठेकेदार शोधावा लागतो, आणि मार्चअखेर निधी खर्चायचा असतो. चुन्याला तर कार्तिक ते चैत्र एवढेच दिवस मिळतात. म्हणजे काम मंजूर होते ते नेमके चुन्याचे दिवस संपताना. एखादा अभियंता मनापासून जुने जपू पाहत असेल तरी व्यवस्था त्याला सिमेंटकडे ढकलते. वारसा-जतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेने २००४ साली केलेल्या सनदेत पारंपरिक कारागिरांचे ज्ञान हा वारशाचाच भाग मानला आहे. ती सनद जिल्ह्याच्या पातळीवर उतरवायची तर निविदेत गवंड्याच्या अनुभवाची अट घालावी लागेल, आणि नमुन्यादाखल एक भिंत आधी करून घेऊन पावसाळाभर पाहावी लागेल. मूस यांनी दोन वर्षे थांबून पाहिले होते, शाळेला एक पावसाळा पुरे.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचाही इथे उल्लेख हवा. किनाऱ्यावरच्या किती शाळांना चाकरमान्यांच्या वर्गणीने आधार दिला, त्याची मोजदाद नाही. गिरणीच्या पगारातून कुणी घंटा दिली, कुणी बाके, कुणी पाण्याची टाकी. आज तीच मंडळे लाखांच्या देणग्या जमवतात आणि देणगीदारांच्या मनात नवी दुमजली इमारत, तीवर संगमरवरी पाटी असे चित्र असते. त्यांच्या मायेत खोट नाही. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवे की दर वर्षीच्या शाकारणीसाठी ठेव ठेवली, तर तिच्या व्याजातून जे छप्पर टिकेल त्यावर पाटी नसली तरी गावाला देणाऱ्याचे नाव पाठ असते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच. त्यांत एखादा सुतार, एखादी वाडीत राबणारी बाई असते. छपराखाली कुठे थेंब पडतो हे त्यांना अभियंत्याआधी कळते.

अशा शाळेचे काम हाती घेताना क्रम असा असावा: दिवाळीच्या सुट्टीत छपराखालची प्रत्येक कैची आणि वासा यांवर खडूने क्रमांक घालून चित्र काढावे, ते सातवीच्या मुलांकडून काढून घेतले तर उत्तम. मार्गशीर्षात सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने उतरवून भिंती वाऱ्याला उघड्या ठेवाव्यात, त्यांना सुकायला वेळ लागतो. माघ-फाल्गुनात चुन्याने दर्जा भराव्यात. अंगण खणून जोते पुन्हा मोकळे करावे. परीक्षा संपल्यावर कौले उतरवावीत, खराब लाकूड तेवढेच बदलावे, कडांना तारा बांधून कौले परत चढवावीत. पाडलेल्या जुन्या घरांची मंगळुरी कौले गावोगाव विकली जातात, आज ती खरेदी करून ठेवली तर पुढली पंचवीस वर्षे तूट पडणार नाही. आणि काम संपल्यावर उरलेली कौले ठेकेदाराला टेम्पोत भरून नेऊ देऊ नयेत. ती शाळेच्या मागे, फणसाच्या सावलीत, उभी रचून ठेवावीत, पाच-पाचशेचे ढीग, वर झावळ्यांचे आच्छादन. पुढच्या वैशाखात लागतील.